व्याघ्रगणना आणि बदललेली मोजपट्टी

२००१-०२ च्या गणनेत देशात ३,६४२ वाघ होते. २००६ च्या पाहणीत १,४११ निघाले. सव्वादोन हजार वाघ चार-पाच वर्षांत नाहीसे झाले, हा निष्कर्ष मात्र घाईचा. पहिली मोजणी पंजांच्या ठशांवरची. दुसरी कॅमेऱ्यांच्या आधारे केलेली नमुना-पाहणी, आणि तिने १,१६५ ते १,६५७ ही मर्यादाही प्रांजळपणे दिली. आधारवर्ष बदललेले निर्देशांक परस्पर ताडून कोणी महागाई ठरवीत नाही. ऱ्हास खराच होता. २००५ मध्ये सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले; कागदावर ते होतेच, कारण मोजणारे आणि घटीचा जाब देणारे खाते एकच! २०२२ चा ३,६८२ हा अंदाजही ताडायचा तर २००६ शी, आणि तोही पाहणीचे क्षेत्र वाढल्याचे ध्यानात ठेवून.