पहिलटकरणीचा सव्वा महिना

पहिलं बाळंतपण माहेरी, ही मराठवाड्यातली रीत कुणाला शिकवावी लागत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते. मग बाजेखालची शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, कानाला गच्च बांधलेला रुमाल आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर न पडण्याचा दंडक. या रिवाजाकडे आपण एकतर कौतुकाने पाहतो किंवा जुनाट म्हणून हसतो. त्यातली धुरी आजचे डॉक्टर नको म्हणतात आणि ते बरोबरच आहे. पण धूर बाजूला सारला की खाली जे उरतं ती कामाची वाटणी आहे. रात्री बाळ रडलं की दुसरं कुणीतरी उठतं, लंगोट दुसरं कुणी धुतं, न्हाऊ दुसरं कुणी घालतं, आणि पहिलटकरणीच्या वाट्याला दोनच कामं येतात, पाजणं आणि झोपणं. वैद्यकशास्त्र सूतिकाकाळ सहा आठवड्यांचा धरतं, १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानेही बाळंतपणानंतरचे सहा आठवडे बाईला कामावर ठेवायला मनाई केली. आजीबाईंचा सव्वा महिना या दोघांच्या जवळपासच येतो. पण तो एकटीने पाळता येत नाही, त्यासाठी दुसऱ्या एका बाईचा वेळ मोकळा असावा लागतो. बीड जिल्ह्यात नेमका हाच वेळ आगाऊ विकला जातो.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या गाड्या भरतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, शिवाय कर्नाटकातल्या बेळगावपर्यंत टोळ्या जातात आणि गाळप संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत दोघांची मेहनत बांधलेली असते. आता हिशेब करून पाहा. दिवाळी ते होळी या काळात ज्या मुलीचं पहिलं मूल जन्माला येतं तिची आई कुठे असते? तीही फडातच. सासू फडात, जाऊ फडात, थोरली बहीणसुद्धा फडात. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. म्हणजे माहेराचं दार उघडं असलं तरी आत शेगडी पेटवणारं कुणी नाही. नव्या आईला घरच्यांचा आधार हवा, हा सल्ला आपण मोठ्या सहजतेने देतो. इथे तर घरच हंगामाला गेलेलं असतं.

मग ती दोनपैकी एक करते. म्हातारीच्या भरवशावर गावात राहते किंवा तान्हं घेऊन फडाजवळच्या झोपडीत, कोपीवर जाते. कोपीवरचा दिवस पहाटे चारलाच सुरू होतो. भाकरी थापून, पाणी भरून, बाळाला कापडात गुंडाळून फडावर न्यायचं. बांधावर झाड असेल तर साडीची झोळी, नसेल तर पाचटावर धडपं. नवजात बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. पण मोळीची ओळ अर्धवट सोडून दर दोन तासांनी बसायचं म्हणजे नवऱ्याच्या कोयत्यामागे ऊस साचत जाणार. दुपारनंतर तीच मोळी, वीस-पंचवीस किलोंची, डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून ट्रॉलीत चढवायची. ओटीपोटाचे स्नायू सैल असताना असं ओझं उचललं की अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो, हे कुठलीही नर्स सांगेल. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून बीडचं नाव देशभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा आकडा आला. पिशवी का काढली यावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. त्याआधीच्या बाळंतपणांत या शरीराला किती दिवसांची उसंत मिळाली होती, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

‘आमच्या आज्या बाळंत होऊन आठव्या दिवशी रानात जात होत्या’ हे वाक्य या विषयावर हमखास ऐकू येतं. जात असतील. पण ही गोष्ट सांगायला उरल्या त्या जगलेल्या आज्या. ज्या त्या वेळी गेल्या, ज्यांची तान्ही गेली, त्यांच्याकडून कोण ऐकणार? आणि त्या आज्यांनीच तर सव्वा महिन्याचा दंडक घातला होता. ज्यांना तो परवडला नाही त्यांची नाइलाजाची गोष्ट आपण काटकपणाची म्हणून मिरवतो. जे शरीराचं तेच मनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत बाळंत झालेल्या सुमारे पाचांतल्या एकीला मानसिक आजाराला, मुख्यतः नैराश्याला, तोंड द्यावं लागतं. झोप न येणं, विनाकारण रडू येणं, बाळाकडे पाहावंसं न वाटणं याला आपल्याकडे बाहेरची बाधा म्हणतात आणि उतारा टाकून मोकळे होतात.

सरकार काहीच करत नाही असं नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन आई-बाळाला पाहायचं असतं. योजना उत्तम आहे, फक्त ती घर जागेवर आहे असं धरून चालते. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. त्यातला दुसरा हप्ता बाळाच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर, म्हणजे सव्वा महिना उलटून गेल्यावर कधीतरी. आणि वयाची अट आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीडमध्ये २० ते २४ वयोगटातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक बायकांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं आढळलं. अल्पवयीन आईला मातृवंदना नाही, एकवीस पुरी होईपर्यंत लाडकी बहीणही नाही. सगळ्यात कोवळी पहिलटकरीण दोन्हीकडून बाहेर. तिला पैसे दिले तर बालविवाहाला उत्तेजन मिळेल, असा आक्षेप येतो. पण जोडी झाली की कोयता होतो आणि उचल वाढते, मागे ठेवलेल्या मुलीची काळजी लागून राहते, म्हणून ही लग्नं लागतात. पुढे दीड-दोन वर्षांनी मिळायच्या पाच हजारांकडे पाहून कुणी मांडव घालत नाही. लग्न लावणाऱ्यांवर २००६ च्या कायद्याने खटले भरावेत. त्यांची शिक्षा तान्ह्याच्या दुधातून वसूल करू नये.

माझं म्हणणं असं की, सव्वा महिना ही मजुरी आहे असं मानून ती द्यावी, आणि ती दोघींना द्यावी. एक पहिलटकरणीला, दुसरी तिच्यापाशी थांबणाऱ्या आईला किंवा सासूला. २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं तर बाईच्या वाट्याला तेवढेच, ३६६ रुपये येतात. बेचाळीस दिवसांचे झाले पंधरा हजारांच्या आसपास, दोघींचे तीस हजार. पैसा कुठून? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये आणि तेवढेच सरकारने द्यावेत, असं ठरलेलं आहे. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. म्हणजे नुसत्या कारखान्यांच्या वाट्याचे शंभर कोटी. त्यांतून तेहतीस हजार पहिलटकरणींचा सव्वा महिना निघतो. तमिळनाडू गरीब घरातल्या बाळंतिणीला अठरा हजारांची मदत रोख आणि आहाराच्या रूपात देतंच.

कारखानदार म्हणतील, ही बाई आमची कामगार नाही, मुकादमाची आहे. हा वादही जुनाच. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलं होतं की, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण बायकांना कामाला लावून ज्याचा फायदा होतो त्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. तिने बांधलेली मोळी कारखान्याच्याच काट्यावर चढते, मग मालक कोण याचा घोळ कशाला?

एक शंका मात्र खरी आहे. पैसे हातात पडले की ते उचलीत वळते होतील आणि बाई तरीही फडावर जाईल. म्हणून रक्कम दोघींच्या स्वतःच्या खात्यांवर, आठवड्याच्या आठवड्याला आणि आशाताईंच्या भेटीला जोडून द्यावी. बाळंतीण गावात दिसली तर हप्ता सुटेल. त्या जोडीचा सव्वा महिन्याचा खाडा उचलीत धरता येणार नाही, हे करारातच लिहावं लागेल. वेळही पुरेसा असतो. डिसेंबरात बाळंत होणारी जुलैमध्ये, उचल ठरते तेव्हा, चौथ्या-पाचव्या महिन्यात असते आणि ते मुकादमालाही ठाऊक असतं. त्याच्या वहीत जोडीचं नाव, गाव, उचलीचा आकडा आणि अंगठा एवढे रकाने आहेतच. त्यापुढे दिवस भरण्याची तारीख लिहायला एक रकाना पुरतो.