बॅटरसीचा मुंबईकर खासदार

ठाण्यातल्या बाळकुम-कोलशेतच्या पट्ट्यात जिथे कारखान्यांचे भोंगे वाजत, तिथे आता टॉवर उभे आहेत. कामगारांच्या या परिसरात लोकप्रतिनिधींचा विचार करताना, कामगारांचे दुःख ब्रिटिश संसदेत मांडणाऱ्या शापूरजी सकलातवालांची आठवण येणे स्वाभाविक आहे.

२८ मार्च १८७४ रोजी मुंबईत जन्मलेले शापूरजी हे जमशेटजी टाटांचे भाचे. १८९६ नंतरच्या प्लेगच्या साथीत त्यांनी मुंबईतल्या गरीब वस्त्यांत काम केले. १९०५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या कामगार चळवळीत मिसळले. १९२२ मध्ये लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघातून ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले. १९२३ मध्ये हरले, १९२४ मध्ये कम्युनिस्ट उमेदवार म्हणून पुन्हा जिंकले. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या तोंडावर हाइड पार्कमध्ये केलेल्या भाषणाबद्दल त्यांनी दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगला. १९२७ मध्ये भारतात येऊन त्यांनी सभा गाजवल्या, गांधीजींशी जाहीर पत्रव्यवहारातून वाद घातला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने त्यांच्यासाठी मायदेशाची दारे बंद केली. १९२९ मध्ये ते पराभूत झाले, १९३६ मध्ये लंडनमध्ये वारले.

त्यांची सर्व मते पटायलाच हवीत असे नाही. पण बॅटरसीच्या भाडेकरूचे आणि मुंबईच्या गिरणी कामगाराचे दुःख त्यांनी एकाच तळमळीने संसदेत मांडले. परक्या देशातल्या मतदारांनी त्यांची जात, धर्म, वर्ण पाहिला नाही, काम पाहिले. आपल्या दारी मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपणही याच कसोटीवर तपासूया.