बैलाला नऊ तास, धन्याला किती?



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतो, आणि सणादिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. राबणाऱ्या जिवाला विसावा हवा, ही समज वाडवडिलांना होती. १९६५ साली सरकारनेही ओढकामाच्या जनावरांसाठी नियम केले. गाडीच्या बैलाकडून दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विश्रांतीशिवाय सलग ५ तासांवर राबवू नये, पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपू नये, असे त्यात सांगितले आहे.

कारखान्यातल्या कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने दिवसाचे ९ तास आणि आठवड्याची सुट्टी ठरविली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले, तेव्हा १८९० साली ती मिळाली. आपल्या शेतावर मात्र धनीही आपण आणि गडीही आपणच. मग सुट्टी मागायची कोणाकडे?

कष्टावाचून शेती नाही, हे खरे. पण थकल्या अंगाने केलेले काम धड होत नाही. रात्रभर पाणी धरून सकाळी फवारणीला निघालेला माणूस औषधाचे माप चुकतो, तोंडाला फडके बांधायला विसरतो. मळणीयंत्रावर एक डुलकी हाताचा घास घेते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कारणे अनेक होती. उंच वाढलेल्या कपाशीत तासन्‌तास फवारीत राहणे हे त्यांतलेच एक.

तेव्हा कामाची घडी थोडी बदलावी.

उन्हाळ्यात सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ नंतर शेतात असावे. मधला वेळ सावलीत काढावा. तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे, जोडीला ताक घ्यावे.

रात्रीच्या विजेवर पाणी द्यावे लागत असेल, तर एका डीपीवरच्या चार घरांनी पाळी लावावी. एकट्याने जाऊ नये. बॅटरी आणि गमबूट विसरू नयेत. ज्याने रात्र जागविली त्याने दुसऱ्या दिवशी आधी झोप पुरी करावी. फवारणी, ट्रॅक्टर व मळणीला हात लावू नये. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. आपल्या गावाचा त्यात नंबर कुठे आहे, ते ग्रामसभेने महावितरणला विचारावे.

सावड मोडू देऊ नका. आज तुमच्या रानात चौघे, उद्या त्यांच्या रानात तुम्ही. काम हलके होते आणि मजुरीही वाचते. दातेरी वैभव विळा आणि सायकल कोळपे यांनीही अंगावरचा ताण कमी होतो. कोळप्यामुळे निंदणीसाठी दिवसभर वाकून बसावे लागत नाही.

आठवड्यातून निदान अर्धा दिवस औतफाट्याला सुट्टी द्या. अनेक गावांत सोमवारी बैल न जुंपण्याची रीत होती, तीच माणसांना लावा. धारा आणि वैरणपाणी चुकत नाही, पण तेही पाळीने करता येते. त्या दिवशी मुलांजवळ बसा, पाहुण्यांकडे जाऊन या, दुखणे अंगावर काढले असेल तर दवाखाना गाठा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. शेतातून आल्यावर धनी ओसरीवर टेकतो, आणि त्याच्याबरोबरच खुरपून आलेली घरची बाई पाण्याला, भाकरीला, भांड्यांना लागते. सुट्टी एकट्या धन्याची झाली, तर ती घराची सुट्टी नव्हे. आज रात्री जेवताना एकमेकांना विचारा : या घरात सर्वांआधी उठून सर्वांनंतर कोण निजते? पहिला अर्धा दिवस त्या माणसाला द्या, आणि त्या वेळची चूल इतरांनी सांभाळा.