पाटी आहे, पण छप्पर कोण बघणार?

शिकागोत पाहुणे आले की आपण त्यांना ओक पार्कला नेतो. फ्रँक लॉइड राइटचं घर आणि स्टुडिओ, आजूबाजूला त्यानेच बांधलेली घरं, चार फोटो, कॉफी आणि परत. पण ओक पार्कच्या हद्दीपासून पूर्वेला जेमतेम अर्ध्या मैलावर, ऑस्टिन वस्तीतल्या सेंट्रल अॅव्हेन्यूवर राइटचंच आणखी एक घर आहे. वॉल्सर हाऊस, १९०३ सालचं. तिकडे आपण कुणालाच नेत नाही. आणि ते घर मोडकळीला आलंय.

२०१९ मध्ये तिथल्या मालकीणबाई वारल्या. घर रिकामं झालं, वर कर्जाचा गुंता. गंमत बघा, त्याच वर्षी राइटच्या रोबी हाऊसचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लागलं. एकाच शहरात, एकाच वास्तुकाराच्या दोन घरांची ही दोन नशिबं.

वॉल्सर हाऊस श्रीमंती घर कधीच नव्हतं. छपाईच्या धंद्यातल्या एका गृहस्थासाठी ते बेतानं बांधलं. वीट नाही, दगड नाही. लाकडी सांगाड्यावर गिलावा आणि त्यावर गडद लाकडाच्या पट्ट्या. पण समोर उभं राहिलं की प्रेअरी शैली म्हणजे काय ते लगेच कळतं. उतार कमी असलेलं पसरट छप्पर, भिंतीच्या बरंच बाहेर आलेल्या वळचणी आणि त्यांच्याखाली ओळीनं लागलेल्या खिडक्या. सगळ्या रेघा आडव्या, तिथल्या सपाट माळरानासारख्या. आत बैठक आणि जेवणाची खोली यांच्यात भिंत आडवी येत नाही. आज आपण ज्याला ‘ओपन प्लॅन’ म्हणतो आणि फ्लॅट घेताना ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो, ते इथे एका मध्यमवर्गीय कुटुंबाला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालं होतं. मला तरी हे घर रोबी हाऊसपेक्षा जवळचं वाटतं.

अशा घराचा शत्रू एकच, पाणी. छपरातून, वळचणीतून ते गिलाव्याच्या भेगेत शिरतं, शिकागोच्या थंडीत गोठून फुगतं आणि गिलावा सुटतो. मग आतलं लाकूड कुजायला लागतं. १९८४ पासून हे घर शहराचं अधिकृत ‘लँडमार्क’ आहे, त्यामुळे परवानगीशिवाय ते पाडता येत नाही. पण लँडमार्कच्या पाटीनं गळती थांबत नाही!

हे आपल्या हाताबाहेरचं आहे, असं मानू नका. १९५७ मध्ये रोबी हाऊसही पाडायला निघाले होते. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी ती जागा हवी होती. नव्वदीला टेकलेला राइट स्वतः तिथे येऊन उभा राहिला. शेजारच्या दोन विद्यार्थी संघटनांनी वसतिगृहासाठी आपल्या जागा देऊ केल्या. पुढे एका बिल्डरने घर विकत घेतलं, मग ते विद्यापीठाकडे गेलं, आणि वाचलं. बफेलोचं मार्टिन हाऊस तर वर्षानुवर्षं ओस पडलं होतं, त्याचे काही भाग पाडलेही गेले. ते पुन्हा उभे केले! त्याच आवारातलं बार्टन हाऊस वॉल्सर हाऊसच्याच आराखड्यावर बेतलेलं आहे. म्हणजे दुरुस्त झाल्यावर आपलं घर कसं दिसेल, ते बफेलोत जाऊन आजही बघता येतं.

मग आपण काय करायचं? आधी तिथे जाऊ या. ग्रीन लाइनच्या सेंट्रल स्टेशनवरून पायी काही मिनिटांचं अंतर आहे. फुटपाथवरून बघा, फोटो काढा, लोकांना दाखवा. जिथे कुणाची नजर असते, तिथे हयगय जरा कमी होते.

आपण शहराच्या हद्दीत राहत असू, तर आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला चार ओळींचं पत्र लिहू या. लँडमार्कच्या दुरुस्तीसाठी शहराचा ‘अडॉप्ट-अ-लँडमार्क’ निधी आहे. वॉल्सर हाऊसचा त्यासाठी विचार व्हावा, असं स्पष्ट मागू या. राइटच्या इमारतींसाठी झटणारी ‘फ्रँक लॉइड राइट बिल्डिंग कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था आहे, तिचं सभासद होता येतं. आपल्या मंडळांत सिव्हिल इंजिनिअर, वकील, हिशेबनीस किती आहेत! त्यांनी थोडा वेळ दिला, तरी देणगीइतकंच मोल आहे.

एक मात्र सांभाळू या. हे घर आधी ऑस्टिनकरांचं आहे. शेजारी कितीतरी घरांची डागडुजी रखडलेली असताना याच घरावर पैसा का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथे शिकवायला जायचं नाही. घर उभं राहिल्यावर त्याचा वस्तीला काय उपयोग व्हावा, ते त्यांनी ठरवावं. आपण मागे उभं राहायचं.

थंडी पुन्हा यायच्या आत छपरावर निदान ताडपत्री तरी नीट बसली पाहिजे. या आठवड्यात ते पत्र लिहून टाका, आणि पुढच्या पाहुण्यांना ओक पार्कच्या आधी सेंट्रलला उतरवा.