नियम आधी, नावे नंतर

छत्तीसगढच्या दक्षिण भागात 2024 च्या अखेरीस पहिले ‘बस्तर ऑलिम्पिक’ भरले. सात जिल्ह्यांतील सुमारे एक लाख 65 हजार खेळाडूंनी त्यात भाग घेतला. तिरंदाजी, कबड्डी, खो-खो यांच्या जोडीला त्यात कराटेही होते. अनेक दशके बंदुकीच्या सावलीत राहिलेल्या मुलांना तिथे एक गोष्ट प्रथमच स्वच्छ दिसली असेल. आधी विकासखंड, मग जिल्हा, मग जगदलपूरची विभागीय अंतिम फेरी. जिंकेल तो पुढे, हरेल तो घरी. या शिडीची प्रत्येक पायरी कोणालाही मोजता येत होती.

जगदलपूरहून राज्याची राजधानी रायपूर सुमारे 300 किलोमीटर. तिथवरही वाट बरीचशी स्पष्ट असते. रायपूरच्या पुढे मात्र शिडी धुक्यात शिरते. भारताच्या संघात कोण जाणार, ते चाचणीतून ठरणार की समितीच्या बैठकीत, चाचणी कोणाला बंधनकारक आणि कोणाला माफ, या प्रश्नांची उत्तरे त्या मुलीला मिळत नाहीत, कारण अनेकदा ती लिहूनच ठेवलेली नसतात. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, कराटे या लढतीच्या खेळांत आपल्याकडे गेली दहा वर्षे जे वाद उफाळले, त्यांचे मूळ येथे आहे.

मराठी वाचकाला यांतील सर्वांत कटू वाद आठवत असेल. मुंबईच्या आखाड्यात घडलेला आणि तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला नरसिंग यादव याने 2015 च्या जागतिक स्पर्धेत 74 किलो वजनगटात कांस्यपदक जिंकून रिओ ऑलिम्पिकची जागा देशाला मिळवून दिली. दोन ऑलिम्पिक पदके नावावर असलेला सुशील कुमारही आता त्याच वजनगटात आला होता. जागा देशाची आहे, व्यक्तीची नव्हे, तेव्हा आमची लढत लावा, अशी त्याची मागणी होती. कुस्ती महासंघाने ती नाकारली. दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2016 मध्ये सुशीलची याचिका फेटाळली. निवड हे तज्ज्ञांचे काम असून उघड मनमानी दिसल्याखेरीज न्यायालय त्यात पडणार नाही, हे त्यामागचे सूत्र होते. पुढे नरसिंगच्या उत्तेजक चाचण्या सदोष आल्या. आपल्या अन्नात कोणीतरी भेसळ केली, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय संस्थेने स्वीकारले, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने फेटाळले. लढतीच्या पूर्वसंध्येला त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली आणि रिओच्या मॅटवर 74 किलो गटात भारताचा मल्ल उतरलाच नाही.

त्या वेळी कोणाची बाजू खरी होती, हा प्रश्न आता बाजूला ठेवू. महत्त्वाची बाब अशी, की पात्रता मिळवणाऱ्यालाच पाठवायचे की पुन्हा चाचणी घ्यायची, याचा निःसंदिग्ध लेखी नियम 2015 च्या स्पर्धेआधीच असता, तर हा खटला उभाच राहिला नसता. तो नसल्याने दोन्ही पक्षांनी जुन्या प्रथांचे दाखले दिले. प्रथेची अडचण ही, की ती ज्याला हवी त्याला हवी तेव्हा आठवते.

सात वर्षांनी पात्रे उलट झाली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी ऑलिम्पिक संघटनेने नेमलेल्या हंगामी समितीने जुलै 2023 मध्ये बजरंग पुनिया आणि विनेश फोगट यांना चाचणीविना थेट प्रवेश दिला. चाचण्या तोंडावर आल्या असतानाच हा निर्णय जाहीर झाला. 2016 मध्ये नामवंत मल्ल चाचणी मागत होता. आता नामवंतांना ती माफ झाली आणि अंतिम पंघाल व सुजीत कलकल हे तरुण मल्ल ती मागत न्यायालयात उभे राहिले. न्यायालयाने याही वेळी हस्तक्षेप केला नाही. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांविरुद्ध विनेश आणि बजरंग महिनोन्महिने रस्त्यावर होते. त्यांच्या त्या लढ्याला दाद देणाऱ्या अनेकांना ही सवलत पचवणे अवघड गेले. एका अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्याच्या हातून दुसऱ्यावर अन्याय होऊ नये, ही अपेक्षा गैर नव्हती.

पुढे विनेश दुखापतीमुळे बाहेर पडली, अंतिम गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. बजरंग रिकाम्या हाताने परतला. यावरून चाचणीच योग्य होती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे, कारण उलट दाखलाही हाताशी आहे. 2019 च्या जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेसाठी मेरी कोमला चाचणीविना निवडले गेले. निखत झरीनला लढतीची संधी नाकारली गेली. मेरी कोमने त्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. निखतने क्रीडामंत्र्यांना जाहीर पत्र लिहिल्यानंतर डिसेंबरमध्ये दोघींची लढत झाली, तीही मेरी कोमने 9-1 अशी सहज जिंकली. अडीच वर्षांनी, मे 2022 मध्ये, निखत विश्वविजेती झाली. म्हणजे 2019 ची निवड निकालाच्या कसोटीवर बरोबर ठरली, तरी निखतची तक्रार रास्तच होती. पदक आले की निवड न्याय्य आणि हुकले की अन्याय्य, हे मोजमाप फसवे आहे. निवडीचा न्याय निवडीच्या दिवशीच तपासला पाहिजे.

समितीच्या अधिकाराच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. एका दिवसाची लढत खेळाडूची खरी ताकद दाखवतेच असे नाही. वजन उतरवून वारंवार मॅटवर येण्यात दुखापतीचा धोका असतो. जागतिक पदक जिंकलेल्याला आधीच्या कामगिरीचे काही श्रेय मिळावे, हेही रास्त आहे. प्रश्न एवढाच, की ही सवलत कोणाला, कोणत्या कामगिरीसाठी आणि किती, हे कधी ठरते? खेळाडूचा चेहरा समोर येण्याआधी ठरले तर तो नियम. चेहरा पाहून ठरले तर ती मेहेरबानी.

इतर देशांनी यावर आपापली उत्तरे शोधली आहेत. अमेरिकेत जागतिक पदकविजेत्या मल्लाला निवड चाचणीच्या अंतिम फेरीत थेट प्रवेश मिळतो, पण ती फेरी त्याला खेळावीच लागते. जॉर्डन बरोज हा 2012 चा ऑलिम्पिक विजेता 2021 मध्ये याच सवलतीने 74 किलोच्या अंतिम फेरीत बसला, काइल डेककडून हरला आणि टोकियोला डेक गेला. जपानमध्ये ज्युदोच्या 66 किलो गटात हिफुमी आबे आणि जोशिरो मारुयामा हे दोन विश्वविजेते एकाच जागेसाठी उभे होते. 13 डिसेंबर 2020 रोजी टोकियोच्या कोदोकानमध्ये त्यांची एकच लढत लावण्यात आली. ती 24 मिनिटे चालली. आबे जिंकला आणि पुढे ऑलिम्पिक सुवर्णही त्याने मिळवले. मारुयामाइतका तोलामोलाचा ज्युदोपटू घरी राहिला, पण आपण कशामुळे राहिलो हे त्याला आणि साऱ्या देशाला ठाऊक होते.

आपल्याकडे हे का घडत नाही? अज्ञान हे कारण नाही. महासंघाच्या अध्यक्षाला निवडून देणारे मतदार हे राज्य संघटनांचे प्रतिनिधी असतात, खेळाडू नसतात. डिसेंबर 2023 च्या कुस्ती महासंघाच्या निवडणुकीत 47 पैकी 40 मते मावळत्या अध्यक्षांच्या निकटवर्तीयाला मिळाली, तर राष्ट्रकुल सुवर्णपदक विजेती अनिता श्योराण सात मतांवर थांबली. ज्याच्या मतावर पद टिकते त्याला खूश ठेवणे, हा राजकारणाचा साधा व्यवहार आहे. अशा व्यवहारात लेखी नियम अडचणीचा ठरतो, कारण नियमाने बांधलेल्या माणसाकडे वाटायला काही उरत नाही. निवडीतील संदिग्धता ही त्याची शिल्लक असते.

या राजकारणाची किंमत खालच्या पायऱ्यांवर मोजली जाते. महाराष्ट्रात दोन संघटनांच्या भांडणामुळे नोव्हेंबर 2023 मध्ये एकाच महिन्यात फुलगाव आणि धाराशिव येथे दोन वेगळे ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. कराटेत जागतिक महासंघाने 2020 मध्ये भारतीय संघटनेची मान्यता तात्पुरती काढून घेतली. ज्युदो महासंघाचा कारभार न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्तींकडे सोपवावा लागला. छत्तीसगढ सरकार ‘उत्कृष्ट खेळाडू’ घोषित करते आणि त्यातून सरकारी नोकरीचा मार्ग उघडतो. अशा राज्यात प्रमाणपत्रावर कोणत्या गटाचा शिक्का आहे, यावर एखाद्या घराचे भवितव्य ठरू शकते. दिल्ली-हरियाणातील मल्लाला निदान वकील गाठणे शक्य असते. दंतेवाड्याच्या मुलीला चाचणीची तारीख कळेपर्यंत रेल्वेचे आरक्षण संपलेले असते. दिल्लीतील न्यायालय तर तिच्यापासून हजार किलोमीटरहून दूर आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेला राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा येथे उपयोगी पडू शकतो. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. न्यायाधिकरणाविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात जाईल. महासंघाच्या कार्यकारिणीत किमान दोन गुणवंत खेळाडू आणि चार महिला असणे बंधनकारक आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु न्यायाधिकरणाने आखाड्यातील पंच होण्याचा प्रयत्न केला, तर तेही न्यायालयांसारखेच अडखळेल. श्रेष्ठ कोण हे त्याने ठरवू नये. जाहीर नियम होता का आणि तो पाळला गेला का, एवढेच त्याने कठोरपणे तपासावे.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. प्रत्येक मोठ्या स्पर्धेचे निवडीचे निकष, सवलतींसह, किमान एक वर्ष आधी हिंदीत आणि राज्यभाषांत प्रसिद्ध व्हावेत, आणि त्यानंतर त्या स्पर्धेपुरते ते बदलू नयेत. चाचणीचे संपूर्ण चित्रीकरण व्हावे आणि निवड समितीतील सदस्याचा शिष्य रिंगणात असेल तर त्या सदस्याने त्या वजनगटातून बाजूला व्हावे. वगळलेल्या खेळाडूला ठरावीक दिवसांत लेखी कारण मिळावे. आणि त्याविरुद्धची सुनावणी रायपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात बसून, दूरदृश्य प्रणालीने, वकिलाविना होऊ शकावी. यांतील एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. खर्च येतो तो पदाधिकाऱ्यांच्या अधिकाराला, आणि विरोधही तिथूनच होईल.

अहमदाबादेत 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा व्हायच्या आहेत आणि 2036 च्या ऑलिम्पिकचे यजमानपद देश मागतो आहे. मैदाने आणि वसतिगृहे त्या मुदतीत बांधून होतील. विश्वास बांधायला अधिक वेळ लागतो आणि तो वरून बांधता येत नाही. बस्तरच्या पहिल्या पायरीवर जी साधी शिस्त पाळली गेली, जिंकेल तो पुढे आणि नियम सर्वांना ठाऊक, तीच राष्ट्रीय संघाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचवणे हे आता दिल्लीचे काम आहे. हरलेली मुलगी पुन्हा सरावाला येते, कारण पुढच्या वेळी काय करायचे हे तिला कळलेले असते. वगळलेल्या मुलीला तेवढे तरी कळले पाहिजे.