दोन वेगळी तिकिटं स्वस्त, पण विमान चुकलं तर? समजून घ्या ‘सेल्फ-ट्रान्सफर’

मुंबई ते लंडन एका कंपनीचं तिकीट, तिथून पुढचं दुसऱ्या कंपनीचं. ॲपवर हा पर्याय बरेचदा स्वस्त दिसतो. पण यात जोखीम कोणाची?

एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं असतील आणि पहिलं उशिरा पोहोचलं, तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. वेगळ्या तिकिटांत दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त ‘आला नाहीत’. पैसे बहुधा बुडतात. त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल, तर तोही रद्द होऊ शकतो.

बॅगेचं काय?
ती सहसा लंडनपर्यंतच जाते. म्हणजे इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅग घेणं, पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. हीथ्रोचं टर्मिनल २ आणि ३ जवळजवळ आहेत. ४ आणि ५ मात्र लांब.

व्हिसा लागतो का?
इमिग्रेशन ओलांडायचं म्हणजे भारतीय पासपोर्टवर सहसा ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असल्यास अटींसह सूट मिळू शकते. कागद अपुरे असतील, तर मुंबईतच विमानात बसू देणार नाहीत.

वाचलेले चार-पाच हजार अशा वेळी एका झटक्यात जातात. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला हे कोण सांगणार? ‘सेल्फ-ट्रान्सफर’ एवढी बारीक अक्षरातली सूचना पुरेशी नाही. बॅग, व्हिसा आणि विमान चुकल्यास जबाबदारी कोणाची, हे तिकीट विकणाऱ्यांनी पैसे घेण्याआधी ठळक सांगायलाच हवं.