उंटावरून सही

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी सपत्नीक दवाखान्यात आले. मूळचे लातूरचे, मुलाच्या नोकरीमुळे आता नांदेडला स्थायिक. वय ६१. हातात एक छापील अर्ज. डिसेंबरात जैसलमेरजवळच्या सम भागात जायचे, वाळवंटातून काही दिवस पायी आणि उंटावरून फिरायचे, रात्री तंबूत राहायचे. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनसारख्या संस्था हिवाळ्यात अशा मोहिमा काढतात आणि आपल्याकडची मंडळीही हौसेने जातात. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागतो.

"डॉक्टरसाहेब, फक्त सही-शिक्का पाहिजे," गुरुजी म्हणाले. मी बी.पी.चे यंत्र पुढे ओढले तेव्हा ते हसले. "अहो, आम्ही लातूरची माणसं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पुरवून पुरवून वापरलंय. आम्हाला वाळवंटाचं काय नवल?"

त्या 'फक्त' शब्दाची मला भीती वाटते. काही वर्षांपूर्वी मीही अशी फक्त सही केली होती. रोज सकाळी फिरायला भेटणारे स्नेही, ठणठणीत दिसणारे. त्यांना काय तपासायचे? मोहिमेच्या तिसऱ्या दिवशी ते चक्कर येऊन वाळूत कोसळले. जीपने जैसलमेरला न्यावे लागले, सलाइन लावावे लागले, क्रिअॅटिनिन वाढलेले निघाले. बी.पी.साठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. ती दुसऱ्या डॉक्टरांची, मी विचारलेच नव्हते. थंडीत तहान लागत नाही, त्यात रात्री तंबूबाहेर जायला नको म्हणून संध्याकाळपासून त्यांनी पाणी बंद ठेवले होते. दैव बलवत्तर म्हणून निभावले. परत आल्यावर तक्रारीचा शब्द न काढता त्यांनी मला एक लाकडी उंट भेट दिला. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. नांदेडात खुर्चीवर बसून मी जैसलमेरच्या वाळूतल्या माणसाची हमी दिली होती.

ऊन आपल्याला नवे नाही, हे गुरुजींचे म्हणणे खरे. पण डिसेंबरातल्या वाळवंटात ऊन हा मोठा शत्रू नसतोच. जानेवारीत जैसलमेरला दुपारी चोवीस-पंचवीस अंश असतात आणि पहाटे सात-आठ, कधी त्याहून कमी. कोरडी हवा आणि वाळू, दिवसाची ऊब रात्री धरून ठेवत नाहीत. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, त्यामुळे पाणी गेल्याचे कळत नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, बी.पी. चढते. हृदयविकाराचा त्रास पहाटे झाला तर समपासून जैसलमेर चाळीस किलोमीटर आणि तिथून जोधपूर पावणेतीनशे.

उंटाचे सोडा. त्याच्या मदारीत पाणी नसून चरबी असते, तरी वजनाच्या पाव हिश्शाइतके पाणी गमावूनही तो चालतो आणि पाणी दिसले की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पितो. आपले दहा टक्के पाणी गेले तरी जिवाशी गाठ.

आणखी एक. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा स्वार पुढे फेकला जातो. मागे रेलून बसायचे असते. पूर्वीच्या सांडणीस्वारांना हा सराव असे. आपली मजल स्कूटरपर्यंत! पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात. तिथे एवढ्या उंचीवरून पडणे म्हणजे मनगट किंवा खुबा.

गुरुजींशी बोलून झाल्यावर मी ताईंना विचारले, "तुम्ही पाणी किती पिता प्रवासात?" त्या नवऱ्याकडे बघून गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लातूर-पुणे एस.टी.त सुद्धा मी घोटभरच पिते. उतरायचं कुठं?" हे मी तीस वर्षे ऐकतो आहे. लघवीची जळजळ, मूतखडा घेऊन येणाऱ्या कितीतरी बायकांच्या दुखण्याचे मूळ स्वच्छतागृह नसण्यात असते. सपाट वाळवंटात तर आडोसाही नाही. मोहिमेच्या आयोजकांना पहिला प्रश्न याचा विचारावा, जेवणाचा नंतर.

एवढे सगळे सांगून मी त्यांना जाऊ नका म्हणणार, असे गुरुजींना वाटले असावे. मुळीच नाही. साठीनंतर टी.व्ही.समोर बसून राहण्यापेक्षा वाळवंट पाहणे केव्हाही चांगले. पण गुरुजींचे बी.पी. १६८/१०२ निघाले, आणि मधुमेहाची गोळी ते 'लागेल तशी' घेतात! तळपायाला टाचणीचे टोक लावले तर उजव्या अंगठ्याला नीट कळेना. अशा पायाला बुटातली वाळू घासून फोड आला तर दोन दिवस पत्ता लागणार नाही. रोज रात्री पाय उजेडात ताईंनी पाहायचे, असे ठरले.

अजून दोन महिने हातात आहेत. रोज तासभर चालणे, तेही बुटांसह. उपशातून कुठे उरली असेल तर गोदावरीच्या वाळूत. गोळ्या नियमित, तहान नसली तरी ठरावीक वेळेला पाणी. सोबत क्षारसंजीवनीची पाकिटे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते दुपारी उन्हात आणि रात्री गारठ्यात उघडे ठेवू नये.

अर्ज माझ्या खणात आहे. ई.सी.जी., क्रिअॅटिनिन आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट घेऊन दोघांना सोमवारी बोलावले आहे. गुरुजी जाताना थोडे नाराज होते. "कोपऱ्यावरचा डॉक्टर पन्नास रुपयांत देतो," असे जिन्यात म्हणाल्याचे ऐकू आले. ताई म्हणाल्या, "सोमवारी येऊ आपण."